धूर नसताना मोजलेला धूर

आमच्या गावामागच्या डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा येऊन पडतो आणि त्या हिवाळ्यात तो पेटला. ज्वाळा वगैरे काही नव्हत्या, आतल्या आत धुमसत होता. बंब यायचे, पाणी मारून जायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहाटे डोंगराकडून वारा सुटला की धूर थेट घरांत उतरायचा. जळक्या प्लास्टिकचा वास उशांना लागायचा, दुधाला लागायचा. दहा-अकराला वारा फिरून समुद्राकडून यायला लागला की हवा इतकी साफ व्हायची की बाहेरून आलेल्याला वाटावं, ही माणसं उगाच ओरडतात. आमच्या उत्तनकडच्या किनाऱ्यावर कुठल्याही घरात वाऱ्याचं हे वेळापत्रक सगळ्यांना पाठ असतं. होड्या त्याच्यावरच चालतात.

आईला दमा आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूर थांबेपर्यंत यांना इथे ठेवू नका. म्हणून तिला शहरात, जेसल पार्कला, माझ्या बहिणीच्या फ्लॅटवर नेऊन ठेवलं. तिथे ती चौथ्या मजल्यावर फुगून बसली. बोंबील सुकवायचा ऐन हंगाम, अंगणातल्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या आणि हिला काम काय, तर बहिणीबरोबर केबिन रोडला जाऊन भाजी आणायची. रोज फोन. "धूर गेला का? कवा येऊ?"

मी शांती नगरमधल्या एका शाळेत शिकवते. त्यामुळे गावाचे अर्ज लिहायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलेलं. हवा मोजा, हवा मोजा, म्हणून मी अर्जांवर अर्ज केले. शेवटी एकदाचा एका साहेबांचा फोन आला.

"मॅडम, गुरुवारी मशीन घेऊन येतोय. किती वाजता येऊ?"

मी काय सांगावं? मी सांगितलं, "सकाळी नका येऊ, फार धूर असतो, तुम्हाला त्रास होईल. अकरानंतर या, तोपर्यंत वारा फिरतो."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले.

आज हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. धूर मोजायला निघालेला माणूस! त्याला कोणीतरी सांगतंय की धूर अमुक वेळी असतो, आणि हा म्हणतो, बरं झालं सांगितलंत! पण आधी माझंच सांगते. आमच्याकडे पाहुण्याला वाऱ्यात बसवतात. ओट्यावरची समुद्राकडची जागा त्याची, घरचे मग चुलीपाशी का शिजेनात. ही रीत इतकी अंगात मुरलेली की मशीन आलं तर मी त्यालाही तिथेच बसवलं. स्टूल दिलं, घरातून वायर ओढून दिली. साहेब आणि त्यांचा मदतनीस, दोघांना कोळंबीचं कालवण वाढलं. समुद्राचा वारा काय सुंदर येत होता! साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोक नशीबवान. आमच्याकडे अशी हवा कुठे?"

चार वाजता त्यांनी वायर गुंडाळायला घेतली तेव्हा कुठे मी भानावर आले. विचारलं, "पहाटेचं पण घेणार ना?"

"ऑफिस टायमिंग दहाचं आहे, मॅडम. एक रीडिंग पुरतं. इथे सही करा, मोजणी समक्ष झाली म्हणून."

आणि मी सही केली. घरी जेवलेल्या माणसाशी उंबऱ्यात वाद कसा घालायचा, एवढंच त्या वेळी मनात होतं. सभ्यपणा म्हणतात तो हा. मला आता त्या शब्दाची चीड येते.

अहवाल आला: हवा समाधानकारक. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मी तो वाचून दाखवला आणि नुसता कल्ला झाला. कोणी म्हणालं, मशीन चालूच केलं नव्हतं. कोणी म्हणालं, आकडे ऑफिसातूनच भरून आणलेले. एक म्हातारी म्हणाली, "त्या मशीनला नाक हाय का न्हाय?" मग बायांनी स्वतःच मोजायचं ठरवलं. पहाटे ओले पांढरे रुमाल दोरीवर टाकायचे, उजाडल्यावर काढायचे. दोन-तीन तासांत रुमाल राखाडी. पिशवीभर रुमाल घेऊन आम्ही ऑफिसात गेलो, तर साहेबांनी एकालाही हात लावला नाही. "हे पुरावा म्हणून धरता येत नाही," म्हणाले. आमच्या कालवणाला मात्र त्यांचा हात लागला होता.

या सगळ्यात मी एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. लोक मशीनला शिव्या देत होते आणि मी देऊ देत होते. मशीन खोटं बोललं नव्हतं. अकराला विचारलं, त्याने अकराचं उत्तर दिलं. पहाटे पाचला त्याला कोणी विचारलंच नाही, कारण सकाळी येऊ नका असं मीच सांगितलं होतं.

पहाटे पुन्हा मोजा, असा अर्ज मी नंतर केला. उत्तर आलं की मागील अहवालात हवा समाधानकारक आढळल्याने पुनर्मोजणीची आवश्यकता नाही. त्या मागील अहवालाखाली माझी सही होती.

त्या अहवालाचा फोटो फिरत फिरत बहिणीच्या मोबाइलवर पोचला आणि दुसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन दारात हजर.

"मोजली ना हवा? चांगली हाय म्हणतात."

"अगं, त्यांच्यावर कोण विश्वास ठेवतंय? सगळं गाव हसतंय."

"आपल्याच ओट्यावर मोजली ना? तुझ्यासमोर?"

मी हो म्हणाले. किती वाजता, ते सांगितलं नाही. ती राहिली. रोज पहाटे त्या धुरात उभी राहून वलांड्यांवर बोंबील टांगत राहिली. मी ओरडायचे, ती ऐकायची नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला ऑक्सिजन लावावा लागला.

दवाखान्यात ती जरा बोलायला लागली तेव्हा मी सगळं सांगितलं. फोन, अकरा वाजता बोलावणं, समुद्राकडची जागा. मला वाटलं, ती म्हणेल, पाहुण्याला धुरात कोण बसवतं, मीही हेच केलं असतं. मला ते फार ऐकायचं होतं.

ती म्हणाली, "मी काय सरकारवर इस्वास ठेवला? तुझी सही होती म्हणून आले."

आता ती जेसल पार्कलाच असते. कचरा अजून मधूनमधून धुमसतो. एखाद्या दिवशी वारा चांगला असला, हवा खरोखर स्वच्छ असली की मी फोन करते, "आज धूर नाही, ये दोन दिवस." ती "बरं, बघते," म्हणते. मग कधी येते, कधी येत नाही. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील, रिक्षा मिळत नसेल.

परवा शेजारच्या मावशी कुंपणापाशी थांबल्या. म्हणाल्या, "तुझी आय दर वेळी मला फोन करून विचारते, धूर हाय का न्हाय. तू घरातच असतेस, तर तुला का न्हाय इचारत गं?"