पोळ्याला धुतलेला दोर

आमचे बाबा, शिवराज, गौलीगुड्यात फास टाकून मोकाट गुरं धरायच्या कामावर होते. त्यांचा सगळा जीव त्या फासाच्या दोरात. दर रविवारी त्याला एरंडेल चोळून सावलीत टांगायचे. आम्ही नुसता हात लावला तरी खेकसायचे. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

घरात नुकतीच केबल आली होती, तेव्हाचा पोळा. शहरात बैल कुठला, म्हणून आमच्याकडे पूजा दोराचीच व्हायची. पोळ्याला बैल धुतात, म्हणून आईने टीव्हीवर पाहिलेल्या नव्या पावडरीत दोर घासून धुतला आणि गच्चीवर उन्हात टाकला. तो काठीसारखा ताठ झाला.

बाबा एरंडेलाची बाटली घेऊनच धावत आले. "दिमाग आहे का तुला? आता फास सरकणार कसा? तेल नाही मिळालं की दोर तडकतो, कितीदा सांगितलं!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच उठली.

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय," ती म्हणाली. तिने त्यांच्या हातातली बाटली हिसकावली, त्यांच्यासमोरच फतकल मारून बसली आणि सगळं तेल स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांवर ओतलं.