न्यामसिस्काची साक्ष

मसिस्का कुळातली लेक, म्हणून सारं गाव तिला न्यामसिस्का म्हणे. मिशनच्या शाळेत ती वाचायला शिकली, आणि मग तीस वर्षं तिनं डोंगरउतारावरच्या अकरा वाड्या पायी तुडवल्या. बायकांना गीतं शिकवली, अडलेल्या बाळंतिणींपाशी रात्रंदिवस बसली, आणि कुणाच्या घरी दारूचा रांजण लागला तर तेही चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळीच्या वडिलांच्या कानावर घातलं. प्रभूच्या मागं जायचं तर अर्ध्या वाटेवरून परत फिरता येत नाही, असं तिचं म्हणणं. नियम मोडून शिस्तीखाली आलेल्याला देवळात मागच्या बाकावर बसावं लागे, आणि तसा माणूस मेला तर देवळाची घंटा वाजत नसे, महिला मंडळ गीत म्हणत नसे. नियम मिशनचा, पण राखला हिनं. शेजारची न्याचावुला, जिच्या रांजणाची खबर हिनं दोनदा पोचवली होती, म्हणायची, "स्वर्गाचं दार अरुंद आहे म्हणतात. असेना का. पण दारात ही बाई बसलीय, त्याचं काय करायचं?"

न्यामसिस्काचा थोरला मुलगा वारला तेव्हा धाकट्या सुझगोनं रीतीप्रमाणं भावजयीला, मासोझीला, चार पोरांसकट आपल्या घरात घेतलं. त्याची बायको होतीच. न्यामसिस्कानं दोन रविवार वाट पाहिली. तिसऱ्या रविवारी वडीलमंडळापुढं स्वतः उभी राहिली आणि सांगितलं, माझ्या मुलानं दुसरी बायको केली. प्रभुभोजनातून सुझगोचं नाव गेलं, तो शिस्तीखाली आला. तो भांडला नाही. आईच्या दारात जळणाची मोळी टाकायचा आणि न थांबता निघून जायचा.

तीन वर्षांनी त्याला ताप चढला. सहाव्या दिवशी उजाडताना तो गेला. उशाशी एकटी आई होती.

सकाळी अंगण भरलं. बायका मक्याच्या पिठाच्या टोपल्या घेऊन आल्या. मंडळीचे वडील कुमवेंदा आले आणि न्यामसिस्काला चुलीच्या खोपटामागं घेऊन गेले. भला माणूस. त्यांनाही ती बोचत होती, ही बिनघंटेची माती.

"बाई, शेवटी तुम्हीच होतात ना जवळ?"

"मीच."

"मग काहीतरी बोलला असेल. चुकलो, मासोझीला सोडतो, असं काही. तुम्ही म्हणा, मी घंटा वाजवतो. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

घंटेशिवाय पुरलेल्यांचं पुढं काय होतं, ते तिनं स्वतःच बायकांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं. एक शब्द, की पोरगा त्यातून सुटला. पण आत मासोझी प्रेताच्या पायाशी बसली होती. सोडलेली बायको विधवा नसते. तिला विधवेच्या चटईवरून उठवलं असतं, मग घरातून, मग पोरांसकट गावातून.

"बोलला," ती म्हणाली.

"काय?"

"म्हणाला, आई, दोघींना उपाशी ठेवू नकोस."

"एवढंच ऐकलंत?"

"एवढंच. आता पुन्हा विचारू नका. दुसऱ्यांदा विचारलंत तर मी खोटं बोलेन."

त्यांनी विचारलं नाही.

घंटा वाजली नाही. महिला मंडळाच्या बायका साध्या लुगड्यात, डोक्याला मंडळाचा पांढरा रुमाल न बांधता आल्या आणि खड्ड्यापासून चार हात लांब उभ्या राहिल्या. माती पडू लागली तसं न्यामसिस्कानं गीत सुरू केलं. एकटीनं. पहिलं कडवं संपलं. एका तरुण बाईनं तोंड उघडलं, शेजारणीकडं पाहिलं आणि मिटलं. दुसऱ्या कडव्यात न्यामसिस्काचा आवाज फाटला, तरी तिनं शेवटपर्यंत म्हटलं. मासोझीला ते गीत येतच नव्हतं.

पुढच्या रविवारी वडीलमंडळानं विचारलं, मातीला गीत म्हणून नियम मोडलात का? ती म्हणाली, मोडला. सहा महिने शिस्तीखाली, असं ठरलं. ठरवताना कुमवेंदांनी मान वर केली नाही.

ती उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिथून उपदेश धड ऐकूच येत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.