माझ्या मराठीला शाबासकी नको

मंडळी, आज सकाळपासून डोकं तापलंय. धाराशिवला बँकेत गेले होते. काउंटरवरच्या बाईंशी चांगली दहा मिनिटं मराठीत बोलले. मग त्यांनी पासबुकावर माझं नाव वाचलं, रझिया शेख, आणि म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!"

अहो बाई, मी याच जिल्ह्यातल्या मुरुमची. मराठी न्हाय तर काय बोलणार?

हे वाक्य मी शाळेतपण ऐकलंय. तेव्हा आपला मराठवाडा नुकताच महाराष्ट्रात आला होता. पुण्याकडचे एक साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी माझ्या मैत्रिणीला, शांताला विचारलं, "तुमच्या गावात काय पिकतं?"

"ज्वारी लई पिकती, साहेब."

साहेबांनी नाक मुरडलं. "लई काय? खूप म्हण. गावंढळ कुठली!"

मग माझं नाव विचारून मलाही तोच प्रश्न केला. घाबरून मी शांताचंच वाक्य म्हणाले, 'लई'सकट. साहेबांनी पाठ थोपटली. "शाबास! मुसलमान असून मराठी छान बोलतेस."

शांता घरी जाईपर्यंत रडत होती. साहेबांनी तिच्या बोलीला नावं ठेवली, ते वाईटच. पण निदान तिचं बोलणं ऐकलं तरी! माझं फक्त नाव ऐकलं.

शांता पुढं मास्तरीण झाली, 'लई' सुटलं, आता तिला कुणी नावं ठेवत न्हाय. मला मात्र या वयातबी शाबासकी मिळतेय.

शांतानं 'लई' सोडलं. सांगा मंडळी, मी काय सोडू?