नांद्रुकाची पाटी

वटपौर्णिमेच्या संध्याकाळी मुलुंडच्या डोंगराकडच्या चाळीत बातमी फुटली, की शिवदास घाडीने कॉलेजच्या बागेत दुसरा घरोबा केलाय. पुरावा भक्कम होता. कपाळभर हळदकुंकू, खाकी शर्टावर पिवळ्या बोटांचे ठसे आणि कमरेला पांढऱ्या सुताचे वेढे. ते सूत सोडायचंही भान गड्याला राहिलं नव्हतं. बातमी फोडली शेजारच्या खोलीतल्या धोंडूने, त्यामुळे ती जिन्याखाली पोचेपर्यंत त्या बाईला एक मुलगीसुद्धा झाली होती.

खरं एवढंच, की ते हळदकुंकू एका बाईने नाही, अकरा जणींनी लावलं होतं, आणि तेही चिडून. दुसरा घरोबा शिवदासला जमलाच नसता. त्याला जाग कुठे होती?

बाकीची माणसं बढतीची स्वप्नं बघतात, शिवदास झोपेची बघायचा, तीही जागेपणी. अठरा वर्षं गिरणीत, त्यातली बहुतेक रात्रपाळीची. मग संप झाला. दोन वर्षं घरी बसून काढली, तेव्हा काळजीने डोळा लागत नव्हता. चौऱ्याऐंशी साली मेहुण्याच्या ओळखीने कॉलेजच्या वनस्पतिबागेत माळी म्हणून चिकटला. मालवणकडच्या माणसाला झाडांचं काय शिकवायचं, असं प्राचार्यांना वाटलं. शिवदासला वाटलं, झाडांना रात्रपाळी नसते. पहिल्याच आठवड्यात त्याने रोपवाटिकेमागे वडाचं एक वीतभर रोप लावलं, आणि घरी येऊन बायकोला, कमलला, म्हणाला, "आता माका सकाळी सातपर्यंत उठवू नको गो."

हे सुख वर्षभर टिकलं. मग उत्तरा मॅडम, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख, प्राचार्यांच्या मागे लागल्या. एवढी चार एकर हिरवी जागा, आणि कुंपणाबाहेरच्या लोकांना पाय मोकळे करायला रस्त्याची कड! बाग लोकांना उघडी करा, लोक येतील, हवा खातील, झाडं ओळखायला शिकतील. प्राचार्यांनी एका अटीवर मान्य केलं: तक्रारी आल्या तर गेटला कुलूप. वेळ ठरली सकाळी साडेपाच ते आठ, संध्याकाळी साडेचार ते सात. मधल्या वेळेत विद्यार्थी. आणि किल्ली कोणाकडे? जो जवळ राहतो त्याच्याकडे.

तेव्हापासून शिवदास चार वाजता उठायचा. नळावर दोन हंडे, मग चढणीवरून कॉलेज. गेटची साखळी अशी जाड, की ती ओढून काढेपर्यंत गुडघ्यातून कट्‌ असा आवाज यायचा. बाहेर रांग उभीच असायची, आणि रांगेत पहिला धोंडू. त्याला डॉक्टरने साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. एक फेरी मारून तो कदंबाखालच्या बाकावर बसायचा आणि उरलेला वेळ चाळीतली एकेक खोली चघळायला घ्यायचा.

"शिवदास, पाच मिनटं उशीर आज! कमलवहिनीने सोडलं नाय काय?"

"तू आत ये आणि चाल बघू."

"तुझं बरं आहे यार. फुकट हवा."

शिवदास नळाकडे वळायचा. नळीचं वेटोळं उलगडताना त्याला उभ्याउभ्या पेंग यायची. लोक गेले की मागे चुरमुऱ्याच्या पुड्या, तोडलेल्या जास्वंदी, पाण्याच्या टाकीत टाकलेलं निर्माल्य. तक्रारीच्या वहीत दोन तक्रारी झाल्या होत्या, आणि प्राचार्यांनी बजावलं होतं, आता आणखी एक आली की लोकांचं येणं बंद. शिवदासने ते ऐकलं आणि त्याच्या मनात सातला उगवणारा सूर्य उभा राहिला. कोणी करा रे तक्रार, असं तो म्हणाला नाही, पण त्या दिवशी तक्रारीच्या वहीवरची धूळ त्याने स्वतः झटकली.

आता नांद्रुकाचं सांगायला हवं. बाग उघडली त्या पहिल्याच वर्षी वटपौर्णिमेला आसपासच्या बायका ताटं घेऊन आत आल्या. बाजारातली तोडलेली फांदी पाटावर ठेवून पुजण्यापेक्षा जिवंत झाड बरं, एवढाच त्यांचा विचार. पुढे होती सुगंधा, शिवणक्लासवाली. तिला रोपवाटिकेमागचा वड दिसला. तो तेव्हा शिवदासच्या गुडघ्याएवढा. तिने कौतुकाने एक डहाळी मोडलीसुद्धा. शिवदास नळी टाकून धावला.

"अहो ताई, ते पोर आहे! मोठा वड तिकडे, तळ्याजवळ!"

तळ्याजवळ होता नांद्रुक. वडाच्याच कुळातला, डेरेदार, चार बारीक पारंब्या सोडलेला. घाईत बघितलं तर वडाचा भाऊ.

सुगंधाने पान हातात धरून विचारलं होतं, "शिवदासभाऊ, वडाचं पान एवढंसं?"

"मुंबईचं पाणी, ताई. माणसंसुद्धा बारीकच होतात ना इथे."

बायका हसल्या आणि सात फेरे घालून गेल्या. पुढच्या वर्षी परत आल्या, त्याच्या पुढच्याही वर्षी आल्या. नांद्रुकाच्या बुंध्यावर तीन वर्षांचं सूत साचलं, आणि रोपवाटिकेमागे खरा वड कोणाच्या अध्यात ना मध्यात, माणसाच्या डोक्यावर गेला.

अठ्ठ्याऐंशी साली मॅडमनी पाट्या करून आणल्या. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, वर मराठी नाव, खाली शास्त्रीय, त्याखाली उपयोग. शिवदासने त्या तारेने बांधत आणल्या आणि नांद्रुकाची पाटी हातात आल्यावर थांबला.

"मॅडम, तार संपली."

"मग सुतळीने बांधा."

"सुतळी कुजते, मॅडम. पौर्णिमा झाल्यावर बांधू ना, सावकाश."

"पौर्णिमेचा आणि पाटीचा काय संबंध, शिवदास?" मॅडमनी त्याच्याकडे एक नजर टाकली, स्वतःच्या पर्समधून सुतळी काढली आणि पाटी स्वतः बांधली. शिकवणाऱ्या माणसाच्या पर्समध्ये सुतळी असते, हे शिवदासला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणी आल्या. नऊवारी, नथी, ताटात आंबे, फणसाचे गरे, सुताची गुंडी. सुगंधाने पाटी मोठ्याने वाचली, "नांद्रुक." आणि सगळ्या पाटीकडे वाकल्या.

"म्हणजे वड नाही हा?" कोणीतरी विचारलं.

सुगंधा म्हणाली, "अगं, मग तीन वर्षं मी याला सांगत्येय, साती जन्म मधुकरच दे म्हणून. ते पोचलंच नाही की काय? सुटले गं बाई!"

हसण्याचा स्फोट झाला. पण हसू ओसरल्यावर दुसरी पुटपुटली, "थट्टा नको. माझा माणूस आखातात आहे." मग मात्र सूर पालटला. शिवदासभाऊंनी दाखवलं ते झाड खोटं कसं असेल? कोकणातला माणूस, त्याला वड कळत नाही? पाटीच चुकीची. बायका येऊ नयेत म्हणून त्या बाईंनी मुद्दाम लावली. चला, प्राचार्यांकडे चला, लेखी देऊ.

अकरा ताटं ऑफिसच्या दिशेने निघाली. धोंडू बाकावरून उठला. इतक्या वर्षांत तो कधी एवढ्या वेगाने चालला नव्हता.

शिवदास नळी धरून तसाच उभा. पाणी एकाच आळ्यात साठत होतं. त्याला काहीच करायचं नव्हतं. तिसरी तक्रार आपल्या पायांनी चालत निघाली होती. दुपारपर्यंत कुलूप, उद्यापासून सात वाजेपर्यंत अंथरूण. ओरडा खायचा तो मॅडम खातील, त्यांनीच तर पाटी बांधली. गुडघा ठणकत होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. उभ्याउभ्या त्याला गोधडीचा वास आला म्हणतात.

मग त्याने नळ बंद केला.

सकाळच्या वर्गांमुळे प्राचार्य आलेलेच होते. ते पायरीवर, शेजारी मॅडम, रागाने पांढऱ्या पडलेल्या. वही उघडली होती आणि सुगंधाने पेनाचं टोपण काढलं होतं. शिवदास धापा टाकत मधे घुसला.

"साहेब, पाटी बरोबर आहे. तो नांद्रुकच. मी खोटं सांगितलं होतं."

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"वड मागे आहे. लहान होता. मोडून टाकला असता हो यांनी."

सुगंधाने टोपण लावलं. "तीन वर्षं, भाऊ? तीन वर्षं आम्ही भलत्याच झाडाभोवती फिरलो, आणि तुम्ही नळी धरून बघत होतात?"

"पेंगत होतो, ताई. बघत नव्हतो."

प्राचार्यांना खोकला आला. ते वही मिटून म्हणाले, "मग लोकांबद्दल तक्रार नाही. माळ्याबद्दल आहे. ती मी बघतो."

शिवदासने सगळ्यांना रोपवाटिकेमागे नेलं. वड उभा होता, कोवळा, मनगटाएवढ्या बुंध्याचा, पानं मात्र तळहाताएवढी. बायकांनी फेरे घातले, डहाळी कोणी मोडली नाही. अकरा जणींचं सूत त्या काठीवर मावेना. उरलेली गुंडी हातात घेऊन सुगंधा वळली.

"वड म्हणून फसवलंत ना? मग भोगा आता. या गं सगळ्या!"

शिवदास पळू शकला नाही, गुडघ्यामुळे. सूत कमरेला, हळद शर्टाला, कुंकू कपाळाला. आखातवालीने सगळ्यांत जास्त लावलं, आणि शेवटी एक आंबाही दिला.

शिक्षा झालीच. लेखी समज मिळाली, आणि मॅडमच्या सांगण्यावरून दर रविवारी, त्याच्या एकुलत्या एका सुट्टीच्या सकाळी, येणाऱ्या लोकांना तासभर झाडं दाखवायची. खरी नावं सांगून.

तर हा दुसरा घरोबा. कमलने सूत कापलं, आंबा कापला, आणि विचारलं, "अकरा बायलांनी साती जन्म मागितल्यानी तर माझा नंबर कधी लागात?" शिवदास कोय चोखत भिंतीला टेकला होता, डोळे मिटून.

तेवढ्यात धोंडू दारात येऊन उभा राहिला. त्याने सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, तरी बातमी त्यानेच फोडली होती, आणि आता तो आणखी माल मिळतो का ते बघायला आला होता.

"शिवदास, येडा आहेस काय रे? गप राहिला असतास तर उद्यापासून आरामात झोपला असतास. तोंड कशाला उघडलंस?"

शिवदासने डोळे न उघडताच सांगितलं, "झोपलो असतो रे धोंडू. पण गेट बंद झालं असतं तर तू रोज सकाळी गेला असतास कुठे? इथेच बसला असतास, माझ्या दारात, बडबडत. त्यापेक्षा चारला उठणं परवडलं."