नकाशावाल्याची बायको

आमचा मामा सात देशांच्या संयुक्त सेनेच्या मुख्यालयात नकाशे सांभाळायचा. भिंतभर नकाशा, त्यावर शत्रूच्या ठाण्यांच्या लाल टाचण्या. सातही सेनापती टेबलाच्या एकाच बाजूला, नकाशाकडे तोंड करून बसत. मधली खुर्ची आमच्या बड्या देशाच्या साहेबांची. ती त्यांचीच का, असं कुणी विचारत नसे. दारात साप असताना काठी कुणाच्या हातात, हे कोण बघतो?

मामाचा जोडीदार शेजारच्या देशाचा. एक शिडीवर चढे, दुसरा खालून शिडी धरी. त्यानेच आपली बहीण मामाला दिली. तीच आमची मामी.

मग शत्रूच नाहीसा झाला. लढाईत नव्हे, घरच्याच भांडणात त्याचे तुकडे झाले. मुख्यालयात मिठाई वाटली गेली, मामाने टाचण्या काढून डब्यात भरल्या. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, हे तर सेनापती!

पुढच्याच बैठकीत शेजारच्या देशाच्या सेनापतींनी विचारलं, "आता मधली खुर्ची आळीपाळीने का नको?" साहेब नुसते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि आणखी दोघांनी आपल्या खुर्च्या टेबलाच्या पलीकडे नेल्या. नकाशाकडे त्यांची पाठ झाली आणि सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. थोड्याच दिवसांत शेजाऱ्यांनी आपली माणसं परत बोलावली. मामाचा मेव्हणाही गेला, तिकडच्या सेनेत तेच काम करू लागला.

इकडे मामीच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मामीने बॅग भरायला घेतली. त्याच दिवशी साहेबांनी मामाला शेजारच्या देशाचा नकाशा लावायला सांगितलं.

"पूल, स्टेशनं, कोठारं. सगळं दिसलं पाहिजे."

"साहेब, टाचण्या कुठल्या रंगाच्या?" मामाने सवयीने विचारलं.

"लाल आहेत ना शिल्लक?"

नदीवरच्या पुलावर मामाने टाचणी टोचली. पुलाला लागूनच सासूबाईंचं घर.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "जाऊ नकोस."

"का?"

मुख्यालयातलं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ होती. पण मामी नकाशावाल्याची बहीण आणि नकाशावाल्याचीच बायको.

"आमच्या गावाला टोचलीत?"

मामाने मान खाली घातली. मला त्याचा संताप आला आणि तितकीच कीवही.

आईला इकडे पाठव, असं सांगायला मामीने भावाला फोन लावला. तिला तोंड उघडू न देता तोच घाईघाईने बोलला, "ताई, बरं झालं तूच फोन केलास. दाजींना घेऊन इकडे निघून ये. आजच. का ते विचारू नकोस."

मामीने फोन मामाच्या हातात दिला. "घ्या, तुमचा जोडीदार."

मामाने फोन कानाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

मामीने बॅगेची चेन ओढली. "डोळ्यावरची पट्टी काढतील तेव्हा आईसमोर कोणीतरी हवं," म्हणाली, आणि दाराकडे वळली.

मामाने तिला अडवलं नाही. अडवणार तरी कुठल्या तोंडाने?