सण होऊन जाऊ दे

पेनाचं टोपण काढायचं, कागदावर पेन टेकवायचं, जरा थांबायचं आणि टोपण पुन्हा लावून टाकायचं. मग कागद ड्रॉवरमध्ये सरकवत म्हणायचं, "सण होऊन जाऊ दे." महाडच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात बाईंच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसले. कागद दर वेळी बाईंच्या स्वतःच्या रजेच्या अर्जाचाच असायचा.

बाई हेडक्लार्क. शाळेचं काम त्यांनी कधी उद्यावर ढकललं नाही. ढकलायच्या ते स्वतःचं. दाढ ठणकायला लागली की गणपती होऊन जाऊ दे. चष्म्याचा नंबर वाढला की दिवाळी होऊन जाऊ दे. तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल, नीट आठवून बघा. आमच्या कोकणात तर नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत सणांची रांग लागलेली असते, माणसाला दाढ काढायला सवड मिळत नाही. एकदा मी म्हटलंही, "बाई, तुमची दाढ सण बघून दुखते का हो?" त्या गालावर हात ठेवून हसल्या आणि पुन्हा टाइप करू लागल्या.

या ढकललेल्या कामांत घटस्फोटही होता, हे मला दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कळलं. डबा खाताना त्यांनी सहज सांगितलं. "मोकळं व्हायचं आहे गं. पण आत्ता नाही. शिमगा होऊन जाऊ दे." माझा घास तोंडातच राहिला. बाई शांतपणे लोणच्याची फोड चोखत होत्या.

बाईंचं सासर पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतलं गाव. मिस्टर मुंबईला नोकरीला, सासूबाई आणि दीर-जाऊही तिकडेच. बाई महाडात भाड्याच्या दोन खोल्यांत, मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागलेली. मिस्टर गावी यायचे ते गणपतीला, दिवाळीला आणि शिमग्याला, आणि त्या त्या वेळी बाईंनी महाडहून जाऊन घर उघडायचं, सारवायचं, वीस-पंचवीस माणसांचं रांधायचं. मधल्या दिवसांत साधा फोन नाही. "मारत नाहीत, पीत नाहीत," बाई म्हणायच्या. "माणूस वाईट नाही. पण मी त्यांना लागते ती सणापुरती."

चतुर्थीला बाई एकटीने दीडशेवर मोदक वळायच्या. पंगत बसली की मिस्टर पहिला मोदक हातात घेऊन फोडायचे, कडेचं आवरण डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, "यंदा पण जाडच." पंगत हसायची. अठ्ठावीस वर्षं हेच. मला त्या माणसाचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही यायचा.

मग एका वर्षी गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली. बाई आल्या, पर्स ठेवली, टोपण काढलं आणि अर्ज लिहून टाकला. अर्ध्या दिवसाची रजा, कारण खाजगी. सही केली, टोपण लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सण झाला."

झालं होतं ते एवढंच. गौरी-गणपतीचं विसर्जन करून मंडळी नदीवरून परतली, पाटावर नदीतले खडे ठेवून आरती झाली, आणि मिस्टर पाहुण्यांना म्हणाले, "चला, आता हिचं काम संपलं. सकाळच्या एसटीत बसवून द्या हिला." पाहुणे हसले. बाईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं. "मला राग नाही गं आला," त्या मला सांगत होत्या. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते खरं बोलले. मी रात्री छान झोपले."

त्यांनी फोन करून मिस्टरांना सांगितलं, घटस्फोट हवा. ते म्हणाले, "दिवाळी होऊ दे की." बाई म्हणाल्या, "नको." मिस्टरांनी फार ताणलं नाही. मला वाटतं, त्यांनाही आतून सुटल्यासारखं झालं असावं.

वकिलांकडे मी सोबत गेले. तोवर पितृपक्ष लागला होता. वकील महाडचेच, वयाने मोठे, कपाळाला गंध. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघांची संमती आहे, अडचण काही नाही. पण ताई, पंधरवडा संपू दे. या दिवसांत आपण काही सुरू करत नाही."

"सुरू कुठे करतेय?" बाई म्हणाल्या. "संपवतेय. आणि वकीलसाहेब, वर्षात हेच पंधरा दिवस असे आहेत की पुढ्यात सण नसतो. हे गेले की नवरात्र आलं, दसरा आला, दिवाळी आली. मी स्वतःला ओळखते. पुन्हा अठ्ठावीस वर्षं जातील."

वकिलांनी गंधाला हात लावला आणि कागद पुढे ओढला. अर्ज पितृपक्षातच दाखल झाला. अख्ख्या महाडात त्या पंधरवड्यात इतका आनंदी चेहरा दुसरा नसेल.

कायद्याने सहा महिने थांबायचं होतं. ते दिवस काही सोपे नव्हते. दिवाळीला बाईंना काय करावं सुचेना. चकलीचं पीठ मळून ठेवलं आणि खायला माणूस नाही म्हणून सगळ्या चकल्या ऑफिसात आणल्या. एकदा टाइप करता करता थांबून म्हणाल्या, "अगं, मला कोणी विचारलंच नाही की दमलीस का. आणि आता दमत नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय." डोळे भरले होते. मी चहा मागवला. दुसरं काय करणार होते? पण त्याच हिवाळ्यात त्यांनी दाढ काढली, चष्मा बदलला, आणि एका रविवारी आम्ही जवळच्या सव गावी जाऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो. इतकी वर्षं महाडात राहून त्या सवला गेल्या नव्हत्या.

सहा महिन्यांनी तारीख पडली ती नेमकी शिमग्याच्या पालख्यांच्या दिवसांत. आदल्या दिवशी मिस्टरांचा फोन आला. मी समोरच होते. उद्या पालखी घरी येणार, देवीची ओटी कोण भरणार, लोक काय म्हणतील, एवढा शिमगा होऊ दे. बाईंनी टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. ते नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. "ओटी जाऊबाई भरतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही अकरा वाजता या." आणि फोन ठेवून दिला.

अकरा वाजले, साडेअकरा झाले. मिस्टर आले नाहीत तर सगळं लटकणार होतं. बाई कोर्टाच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. पावणेबाराला ते धावत आले, कानामागे गुलाल तसाच. जजसाहेबांनी विचारलं, नीट विचार केला आहे ना? बाई "हो" म्हणाल्या. मिस्टरही "हो" म्हणाले. मला वाटलं होतं बाई काहीतरी जोरदार बोलतील. पण एवढ्यावरच संपलं. बाहेर आल्यावर तिघांनी डेपोसमोर चहा घेतला आणि मिस्टर पोलादपूरची गाडी पकडून गेले. गाडी वळेपर्यंत बाई बघत होत्या. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की चहावाल्याने वळून पाहिलं.

आता बाई इथे नाहीत. निवृत्त होऊन पुण्याला मुलीकडे गेल्या, आणि त्यांच्या टेबलावर मी बसते. पण त्या शिमग्यानंतरची पहिली चतुर्थी मला विसरता येत नाही. सकाळी दहाला बाई माझ्या घरी आल्या. "काय करू कळेना," म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मोदकांना हात लावायचा नाही असं बजावलं.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाईंचा होता, आवाज माझ्यापर्यंत येत होता. "गो, पारी फाटताय. काय करू?"

"गरम असतानाच मळा आई, पाण्याचा हात लावून. आणि वळतंय कोण?"

"दुसरा कोण हाय? तुझी जाऊ माहेरी गेली. तोच बसलाय वळाया. सकाळपासून आठ झाले. एक पण धड नाय."

बाईंनी फोन ठेवला, तोंडात पदर कोंबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

दुपारी मी त्यांच्या पानात मोदक वाढले. माझा हात मोदकांचा नाही, ते दिसतच होतं. बाईंनी एक फोडला आणि मला राहवलं नाही. "जाड झालेत ना हो?"

त्यांनी वर तुपाची धार सोडली. "मोदक हातात घेऊन असं बघायचं नसतं," त्या म्हणाल्या. "खायचा असतो." आणि चार खाल्ले.