टॉवेलाखालचा भाव

कराडात आमच्याकडे दूध घालतात ते केरबा मूळचे औंधाच्या पलीकडचे. घर मेंढपाळांचं, पण केरबांनी मेंढरांपेक्षा बाजारच जास्त केला. जनावरांच्या बाजारात ते दलाल होते. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, खांद्यावरचा टॉवेल हातांवर टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडानं सगळे पाऊसपाण्याचं बोलत असतात, भावाचं बोटं बोलतात. केरबा मध्ये पडले की बैलाला दोन हजार जास्त येतात, असं लोक म्हणत.

पुढं ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, बाजार बसला. सहा वर्षांपूर्वी इथले बागायतदार दिग्विजयदादा यांनी आमच्या वस्तीमागं साठ जर्सी गाईंचा गोठा काढला. त्यांना जनावरांतला जाणता माणूस हवा होता. केरबांचं नाव आमच्या घरातूनच गेलं, म्हणून बोलणीही आमच्याच हॉलमध्ये झाली. चहा मी केला.

"काका, पगाराचं काय ते आधीच बोला," दादा म्हणाले.

"तुमी द्याल ते."

"असं नको. आकडा सांगा."

"आवं, तुमच्या आज्ज्यापास्नं आमची मेंढरं तुमच्या रानात बसत्यात. तुमच्यापाशी कसला भाव करायचा?"

दादांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं, नऊ हजार."

केरबांनी मान हलवली. समोरच्याचा पहिला आकडा जन्मात कधी न घेणारा माणूस, तो स्वतःच्या पगाराचा मात्र पहिलाच आकडा घेऊन उठला. मी कपबशा उचलून आत नेल्या.

त्या नवाचे सहा वर्षांत अकरा झाले. दोन वर्षांपूर्वी दूध काढायच्या मशीनवर जतकडचा सिद्धू आला. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "पंधरा, राहायला खोली आणि रोज लिटरभर दूध. जमत असंल तर उद्यापास्नं येतो." दादांनी दिलं. कुठली गाय लाथ झाडते, कुठलीला आधी चुचकारावं लागतं, हे सगळं त्याला केरबांनी शिकवलं.

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?" मी एकदा विचारलं.

"त्येनं मागितलं, त्येला दिलं." केरबांनी किटलीचं झाकण दाबून बसवलं. आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं. दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगून ते गेले.

त्यांची मुलगी पूजा फार्मसीला होती. चार वर्षं ती आमच्या मागच्या खोलीत राहिली. या वर्षी सांगलीच्या एका औषध कारखान्यात तिची मुलाखत झाली, निवडही झाली. पगाराचं फोनवर बोलू, असं त्यांनी कळवलं. तिच्या कॉलेजची क्रांती तिथंच नोकरीला होती. तिनं पूजाला बजावलं, "बावीस माग. मी पहिल्यांदा गप्प बसून चौदा घेतले, तीन वर्षं झाली, अजून सतरावर आहे."

"पण काकी, मागितलं आणि नकोच म्हणाले तर?" पूजा मला विचारत होती. "दुसरीकडून कुठूनच बोलावणं नाही."

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. केरबा रिकामी किटली न्यायला आले होते, ते उंबऱ्यातच टेकले. पूजानं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"पगाराचं काय मनात आहे तुमच्या?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मॅडम, तुम्ही जे..."

केरबा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. लहानपणी खोटी खोटी करडं विकायचा खेळ दोघं खेळायचे, ती बोटं तिला पाठ होती. त्यांनी दोन बोटं दाबली, सोडली, पुन्हा दोन दाबली.

"बावीस हजार," पूजा म्हणाली.

"नवीन मुलांना आम्ही अठराच्या वर देत नाही."

पूजानं वडिलांकडं पाहिलं. टॉवेलाखाली त्यांनी तिची मूठ मिटून धरली, म्हणजे आता गप्प, भाव सोडायचा नाही. फोनमधून कुठल्यातरी यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"हॅलो? आहात ना?"

"आहे, मॅडम."

"वर विचारून कळवते."

फोन बंद झाला तशी पूजानं हात ओढून घेतला. "गेली! आण्णा, गेली नोकरी! बैल हाय का मी?"

"बैल आसतीस तर मी गप बसलो असतो व्हय?" केरबा म्हणाले. "दावं सोडायच्या आदी बोलायचं आस्तंय, पोरी. मागनं काय बोलून उपेग न्हाई."

चार दिवस फोन आला नाही. पूजा जेवायला बसायची आणि भात तसाच ठेवून उठायची. केरबा वेळेवर येत, माप घालत, जात. पाचव्या दिवशी पत्र आलं. एकवीस हजार आणि कंपनीची बस.

मी दारातच त्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि दूध ओतत राहिले. धार हलली नाही.

"आता दादांशी तुम्ही पण बोला की."

त्यांनी हात पुसला. "भाव करायला दोन हात लागत्यात, वैनी. माझाच हात मी कसा दाबू?"

पूजा सांगलीला निघाली त्या दिवशी आम्ही एसटी स्टँडवर गेलो. गाडी लागली होती. बॅग वर ठेवून ती खाली उतरली, वडिलांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्यांच्या हातावर टाकला. खाली तिनं काय दाबलं ते मला दिसलं नाही. एक बोट आणि मग पंजा असावा. कारण केरबा हळूच म्हणाले, "पंधरा?"

"सिद्धूला देत्यात, तर तुमाला का न्हाई?"

केरबांनी हात तिच्या हातात तसाच राहू दिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. कंडक्टरनं घंटी मारली. पूजा चढली.

टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकून केरबा गोठ्याकडं चालू लागले. दुपारच्या धारांची वेळ झाली होती.

त्याला आता तीन आठवडे झाले. पूजाचा रोज फोन येतो, "काकी, आण्णा दादांशी बोलले का?" मी 'बघून सांगते' म्हणते. दारात किटली वाजते, माप पडतं. केरबा अजून बोललेले नाहीत.